शून्य आणि नल

ऑलिंपिकचा विषय निघाला की आपल्याकडे गप्पांची गाडी ठरलेल्या स्टेशनांवरूनच जाते. एकशे चाळीस कोटींचा देश आणि पदकं किती? मग कुणीतरी क्रिकेटला शिव्या घालतं, कुणीतरी चीनचं उदाहरण देतं, कुणीतरी "आपल्याकडे पालकच मुळात..." असं सुरू करतं आणि तोवर चहा संपतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या वेळी आमच्या ऑफिसच्या पँट्रीत हे रोज चालायचं. मीही त्यात होतोच, उगाच खोटं कशाला बोला.

त्या वर्षी भारताला सहा पदकं मिळाली. आणि सहा चौथे नंबर. पदकांची यादी बहुतेकांना पाठ असते, पण चौथ्यांची विचारा... लक्ष्य सेन, मीराबाई चानू, मनू भाकर (तिचं तिसरं पदक हुकलं ते), आणि मग गाडी अडते. उरलेले तीन म्हणजे अर्जुन बबुता, स्कीट नेमबाजीतली अनंतजीत-महेश्वरी ही जोडी आणि तिरंदाजीतली धीरज-अंकिता ही जोडी. मलाही नेटवर शोधावे लागले. तेव्हा सहज डोक्यात आलं, की ऑलिंपिकला पाठवलेल्या भारतीय संघातला पहिला चौथा नंबर कुणाचा असेल? माझा अंदाज होता मिल्खासिंग, १९६०, रोम. साफ चूक! त्याच्या आधी चाळीस वर्षं, आणि आडनाव चक्क शिंदे.

तर मंडळी, आजचा विषय १९२० सालचं अँटवर्प ऑलिंपिक. भारतातून रीतसर निवड करून संघ पाठवला गेला ते हे पहिलं ऑलिंपिक. आता जाणकार लगेच म्हणतील की १९०० साली पॅरिसला नॉर्मन प्रिचर्डनं दोन रौप्यपदकं मिळवली होती, त्याचं काय? मिळवली होती, आणि आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या नोंदीत ती भारताच्या नावावर आहेत. पण तो कलकत्त्याचा गडी एकटा गेला, एकटा पळाला. त्याच्या मागे ना निवड चाचणी होती, ना समिती, ना संघ. १९२० मध्ये हे सगळं होतं. म्हणजे आजच्या भाषेत पहिलं ऑफिशियल रिलीज.

संघ किती जणांचा? सहा. निकाल असे:

पूर्मा बॅनर्जी: १०० मीटर आणि ४०० मीटर, दोन्हीत पहिल्याच फेरीत बाहेर.
फडेप्पा चौगुले: १०,००० मीटर, शर्यत अपूर्ण. मॅरेथॉन, १९ वा.
सदाशिव दातार: मॅरेथॉन, शर्यत अपूर्ण.
कैकाडी: लांब पल्ल्याची धाव, प्राथमिक फेरीच्या पुढे नाही.
कुमार नवले: कुस्ती, मिडलवेट, अमेरिकेच्या चार्ल्स जॉन्सनकडून पराभूत.
रणधीर शिंदे: कुस्ती, फेदरवेट, चौथा.

एकूण पदकं: शून्य.

बस्स. शंभर वर्षांपूर्वीच्या एका संघाचं एवढंच उरलंय. स्प्रेडशीटमध्ये टाकलं तर आठ ओळी होतात (मी टाकलं, सवय हो, दुसरं काय). त्या आठ ओळींत दोन ठिकाणी 'डीएनएफ' असं येतं. डीएनएफ म्हणजे 'डिड नॉट फिनिश', शर्यत पूर्ण केली नाही. आणि डेटा क्वालिटीबद्दल तर बोलूच नका. शिंदे या आपल्या साध्यासुध्या आडनावाला इंग्रजी निकालपत्रकात शेवटी एक 'एस' चिकटलाय. एका पैलवानाचे अनेक शिंदे करून टाकलेत. :-)  इतक्या वर्षांत तो बग कुणीही फिक्स केलेला नाही.

पण आठ ओळी तिथवर पोचल्या कशा, ही गोष्ट पुण्याची आहे.

मी पुण्यात राहतो, कामाला हिंजवडीला जातो. 'डेक्कन' हा शब्द दिवसातून चार वेळा तरी तोंडात येतो. डेक्कनला भेटू, डेक्कनला उतर, डेक्कनला पार्किंग मिळत नाही. डेक्कन जिमखाना म्हणजे आमच्या लेखी बसस्टॉप, आता मेट्रो स्टेशन, आणि हॉटेलांची गर्दी. मूळ जिमखाना ही १९०६ साली सुरू झालेली खेळाची संस्था आहे हे आपण विसरूनच गेलोय. तर पहिलं महायुद्ध संपल्यावर या जिमखान्याचे अध्यक्ष होते सर दोराबजी टाटा. जमशेटजींचे थोरले चिरंजीव. इंग्लंडमध्ये शिकलेले, खेळांचं वेड असलेले.

जिमखान्याच्या मैदानी स्पर्धांत दोराबजींना काही पोरं पळताना दिसली. शेतकरी घरातली, अनवाणी. ना कोच, ना शास्त्रशुद्ध सराव. पण घड्याळ लावल्यावर त्यांच्या वेळा युरोपातल्या चांगल्या धावपटूंच्या जवळपास जात होत्या. पुढे १९२९ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात दोराबजींनी ही आठवण सांगितली आहे. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड त्या स्पर्धांना हजर होते, त्यांच्यावरही छाप पडली. मग प्रश्न आला, यांना ऑलिंपिकला का पाठवू नये?

विचारायला सोपा प्रश्न आहे. करायला बसा म्हणजे कळेल. देशात ऑलिंपिक संघटना नाही, नियमपुस्तिका नाही, पात्रतेच्या वेळा कुणाला ठाऊक नाहीत. त्या काळातला एक किस्सा सांगतात. तयारीत असलेल्या एका बड्या सभासदाला विचारलं की शंभर यार्ड पळायला साधारण किती वेळ लागत असेल? तो म्हणाला, असेल एक-दोन मिनिटं. हिशोब सेकंदांत आणि त्याच्याही दहाव्या भागात होतो हे सांगितल्यावर त्याला धक्काच बसला. आमच्याकडे प्रोजेक्टचं एस्टिमेट असंच निघतं, त्यामुळे मला या सभासदाबद्दल फार आपुलकी वाटते. पण गंमत बाजूला ठेवू. हसण्यासारखं असलं तरी त्यातून एक गोष्ट कळते. कुणालाच काही माहीत नव्हतं, तरी त्यांनी सुरुवात केली. समिती झाली, पुण्यात चाचण्या झाल्या, दोराबजींनी खिशात हात घातला, सरकारकडून थोडे पैसे आले आणि सहा जण बोटीत बसले. आधी इंग्लंड, तिथे थोडा सराव, आणि मग बेल्जियम.

तो काळही बघा कसा होता. १ ऑगस्ट १९२० ला मुंबईत लोकमान्य टिळक गेले. त्याच दिवशी असहकाराची चळवळ सुरू झाली. आणि १४ ऑगस्टला अँटवर्पच्या मैदानावर उद्घाटनाचं संचलन झालं. त्यात भारताच्या नावानं ही पोरं चालली, पुढे बॅनर्जी झेंडा घेऊन. झेंडा अर्थातच ब्रिटिश भारताचा. आपली माणसं, आपलं नाव, झेंडा त्यांचा. त्या सहा जणांना काय वाटलं असेल याचा मी बराच विचार केला, पण ते मनात काय घेऊन चालत होते ते निकालपत्रकात लिहीत नाहीत.

अँटवर्प स्वतःच तेव्हा जखमी होतं. महायुद्ध संपून दोन वर्षंही झाली नव्हती. बेल्जियमनं जे भोगलं त्याची दखल म्हणून हा मान त्यांना मिळाला होता, आणि तयारीला जेमतेम दीड वर्ष. जर्मनी, ऑस्ट्रिया, हंगेरी, बल्गेरिया आणि तुर्कस्तान यांना बोलावणंच नव्हतं. पाच वर्तुळांचा ऑलिंपिक ध्वज ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा फडकला तो इथे, आणि खेळाडूंची शपथही पहिल्यांदा इथेच घेतली गेली. एकोणतीस देश होते, त्यात एक आपण.

आता चौगुल्यांकडे येतो, कारण इथे मला आकडेमोड करायला मिळते.

फडेप्पा दरेप्पा चौगुले हे बेळगावकडचे. मॅरेथॉन २२ ऑगस्टला झाली. पावसाळी, गार हवा. आज मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर हे पक्कं ठरलेलं आहे, तेव्हा तसं नव्हतं. अँटवर्पची मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची होती, आजवरच्या सगळ्या ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये सर्वांत लांब. फिनलंडचा हान्नेस कोलेहमाइनेन २ तास ३२ मिनिटं ३५.८ सेकंदांत पहिला आला. चौगुले २ तास ५० मिनिटं ४५.४ सेकंदांत एकोणिसावे. अठ्ठेचाळीस जण सुटले होते, पस्तीस जण पोचले.

२:५०:४५ ला ४२.७५ नं भागा. किलोमीटरला चार मिनिटं. अगदी काटेकोर बघायचं तर चार मिनिटांना एखादा सेकंदाचा तुकडा कमीच.

ज्यांना पळायची सवय नाही त्यांना या आकड्यात काही वाटणार नाही. मी गेली दोन वर्षं रविवारी सकाळी पाषाण रोडला पळतो. घड्याळ आहे, चांगले बूट आहेत, मोबाईलमध्ये ॲप आहे जे मला "वेल डन" म्हणतं. चार मिनिटांत एक किलोमीटर मी पळू शकतो. एक! त्यानंतर कठडा धरून उभा राहतो आणि जाणारे-येणारे आजोबा "पाणी हवंय का बाळा?" असं विचारतात. चौगुल्यांनी असे लागोपाठ जवळजवळ त्रेचाळीस किलोमीटर काढले, परक्या देशात, परक्या हवेत, आणि काही दिवस आधी १०,००० मीटरची शर्यत अर्धवट सुटलेली असताना. हौशी धावपटूंची पंढरी म्हणजे बोस्टन मॅरेथॉन. २०२६ च्या बोस्टनसाठी १८ ते ३४ वयाच्या पुरुषांना पात्रतेची वेळ होती २ तास ५५ मिनिटं. चौगुले अर्धा किलोमीटर जास्त पळूनही त्याच्या चार मिनिटं आत आहेत.

इथे एक सावधगिरीची सूचना. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये आपला गोपी थोनाकल मॅरेथॉनमध्ये पंचविसावा आला. म्हणून चौगुले त्याच्यापेक्षा भारी, असं म्हणायचा मोह होतो, पण तो हिशोब चुकीचा आहे. गोपीची वेळ होती २ तास १५ मिनिटं २५ सेकंद, आणि त्याच्याबरोबर दीडशेहून जास्त लोक पळत होते. शंभर वर्षांनी जग बदललेलं असतं. नंबर हा शेजारी कोण उभा आहे त्यावर ठरतो. म्हणून तर निकालाची एक ओळ बघून माणूस मोजता येत नाही, ना वर चढवायला, ना खाली पाडायला.

आणि त्याच शर्यतीत सदाशिव दातार. डीएनएफ. तेरा जण ती मॅरेथॉन पूर्ण करू शकले नाहीत, त्यातले एक. ते कुठल्या किलोमीटरला थांबले असतील? पाय गेला असेल, की पोटात कळ आली असेल? थांबल्यावर परत मैदानापर्यंत कसे आले असतील? डीएनएफ या तीन अक्षरांत अडतीसाव्या किलोमीटरला कोसळलेला आणि तिसऱ्या किलोमीटरला कंटाळलेला, दोघेही एकाच मापानं मोजले जातात.

आता शिंदे.

फेदरवेट गटात रणधीर शिंदे उपांत्यपूर्व फेरीत उतरले ते ब्रिटनच्या हेन्री इनमनसमोर. जिंकले. म्हणजे बघा, साल १९२०, छातीवर राणीच्या नाहीतर राजाच्या राज्याचं चिन्ह, झेंडा त्यांचा, आणि समोर त्यांचाच माणूस. त्याला हरवला. उपांत्य फेरीत अमेरिकेचा सॅम्युअल गर्सन. तिथे हरले (गर्सनला पुढे रौप्य मिळालं). मग ब्राँझसाठीची कुस्ती, समोर परत ब्रिटनचाच गडी, बर्नार्ड. तिथे हरले. एक कुस्ती जिंकली असती तर भारतीय संघाचं पहिलं पदक आणि पहिलं ब्राँझ अँटवर्पचं ठरलं असतं, आणि शाळेतल्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकात आज वेगळं नाव असतं.

ही गोष्ट मी माझ्या मामेभावाला सांगितली. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, मी त्याला दादा म्हणतो. त्याला सांगायचं कारण आहे. तो पैलवान होता.

दादाला मामानं सातवीनंतर कोल्हापूरला तालमीत ठेवलं. आठ वर्षं तिथे होता. पहाटे उठायचं, जोर-बैठका, माती उकरायची, लढत, खुराक, झोप, परत लढत. सुट्टीत गावाला आला की आम्ही सगळी चिल्लीपिल्ली त्याच्या मानेला लोंबकळायचो आणि तो हलायचाही नाही. तूप, बदाम, दूध यांचा खर्च कसा भागला ते मामीलाच माहीत. राज्य पातळीवर मॅटच्या स्पर्धांत दोनदा उतरला. एकदा उपांत्य फेरीपर्यंत गेला, आणि चौथा आला. मग गुडघा गेला. ऑपरेशन झालं, परत उभा राहिला, परत गेला. तेविसाव्या वर्षी गावी आला आणि आता खत-बियाण्यांचं दुकान चालवतो.

मामा वाईट माणूस नाही. पण लग्नकार्यात कुणी विचारलं की म्हणायचा, "आठ वर्षं मातीत घातली पोरानं." हसून म्हणायचा. दादाही हसायचा. त्याच वर्षांत मी इंजिनिअर झालो, कॅम्पसमधून नोकरी लागली, आणि प्रत्येक कार्यक्रमात आम्हा दोघांना शेजारी उभं करून लोक मनातल्या मनात निकालपत्रक लावायचे. माझ्यापुढे फर्स्ट क्लास, त्याच्यापुढे डीएनएफ. मला ते कधीच आवडलं नाही, पण त्यावर बोलायला नेमके शब्दही सापडले नाहीत.

तर दादाला मी फोनवर शिंद्यांची गोष्ट सांगितली. मला वाटलं तो म्हणेल, अरे वा, भारीच की. तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "चौथ्याचं एक असतं बघ. ब्राँझवाला शेवटची कुस्ती जिंकून घरी जातो. चौथा लागोपाठ दोन हरून जातो."

मी आजवर असा विचारच केला नव्हता. आपण म्हणतो पदक 'थोडक्यात हुकलं'. तक्त्यात तिसरा आणि चौथा अगदी शेजारी असतात. पण नॉकआऊट कुस्तीत सुवर्णाची आशा उपांत्य फेरीत संपते, आणि ती संपलेली असताना परत लंगोट कसून उभं राहायचं असतं. दादा म्हणाला, "ती दुसरी कुस्ती अंगाची नसतेच. हरलेला माणूस परत हात मिळवायला पुढे आला, तिथेच त्याची निम्मी कुस्ती झाली." मग त्यानं विचारलं, "मॅटवर होती का रे? मातीतला गडी मॅटवर पहिल्यांदा उतरला की पाय कुठे रोवायचा तेच कळत नाही. माती धरून ठेवते, मॅट सोडून देतं." १९२० साली आपल्याकडे कुस्ती म्हणजे तांबडी माती. प्रतिस्पर्ध्याला चीत केलं की जिंकलं, इतका सरळ हिशोब. तिकडचे नियम वेगळे, पंच वेगळे, पायाखालचं वेगळं. अशा ठिकाणी जाऊन शिंदे जगात चौथे आले.

या फोननंतर मला ते शब्द सापडले, आणि सापडले ते माझ्याच धंद्यात.

आमच्याकडे डेटाबेसमध्ये दोन गोष्टी असतात, शून्य आणि नल. बाहेरच्या माणसाला दोन्ही सारखंच वाटतं, की काही नाही. पण कुठल्याही नव्या पोराला आम्ही पहिल्या आठवड्यात शिकवतो की या दोन्हींत गल्लत केलीस तर मार खाशील. शून्य ही किंमत आहे. मोजलं, आणि शून्य आलं. त्याच्यात एक मिळवला की एक होतो. नल म्हणजे मोजलंच नाही, तिथे काही नाहीच. नलमध्ये एक मिळवा, हजार मिळवा, उत्तर नलच येतं.

१९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकच्या तक्त्यात भारताची पदकं किती? शून्य नव्हेत. भारत तिथे नव्हताच, म्हणजे नल. १९२० मध्ये सहा जण गेले, पळाले, लढले, हरले, आणि भारताची पदकं शून्य झाली. आपण या शून्याकडे अपयश म्हणून बघतो. मला ते त्या सहा जणांचं काम वाटतं. कारण पुढचं सगळं त्या शून्यातच मिळवलं गेलं.

आणि मिळवलं गेलं हे खरंच आहे. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला आधीपेक्षा मोठा संघ गेला आणि त्यासाठी दिल्लीला देशभरातल्या खेळाडूंच्या स्पर्धा भरल्या. १९२७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना उभी राहिली, पहिले अध्यक्ष अर्थातच दोराबजी. १९२८ ला ॲमस्टरडॅममध्ये हॉकीचं सुवर्ण, एकोणतीस गोल केले आणि एकही खाल्ला नाही. हॉकीचा संघ असामान्यच होता, ध्यानचंद होते, त्यांचं श्रेय कुणी घेऊ नये. पण ज्या दारातून ते आत गेले ते दार आठ वर्षांपूर्वी कुणीतरी ढकलून ठेवलेलं होतं.

आणि कुस्ती? शिंद्यांचा हिशोब पुरा व्हायला बत्तीस वर्षं लागली. १९५२, हेलसिंकी, आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९४८ ला लंडनला ते मॅटवर सहावे आले होते. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. खाशाबांनी ब्राँझ आणलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. स्टेशनापासून गावापर्यंत बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, हे सगळं आपल्याला माहीत आहे, माहीत असायलाच हवं.

पण त्याच हेलसिंकीत, त्याच संघात आणखी एक मराठी मल्ल होता. केशव माणगावे. गट कुठला? फेदरवेट. शिंद्यांचाच. नंबर कितवा? चौथा.

हे वाचलं तेव्हा मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. बत्तीस वर्षांनी तोच गट आणि तोच नंबर. खाशाबांचं नाव शाळेत शिकवलं. माणगाव्यांचं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो, आणि माझ्या आजोळी अर्धी बोलणी कुस्तीची असतात. दादालाही माहीत नव्हतं. खाशाबांच्या त्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला थेट २०२४ उजाडलं. नेमबाज स्वप्नील कुसाळे, तोही कोल्हापूर जिल्ह्यातला. बहात्तर वर्षं. मधल्या काळात गेलेल्या आणि रिकाम्या हातानं परत आलेल्या लोकांची यादी किती लांब असेल, कल्पना करा.

आता कुणी म्हणेल, बाबा रे, म्हणजे हरणं छान असतं असं तुला म्हणायचंय का? अजिबात नाही. हरणं वाईटच असतं. शिंद्यांना त्या दिवशी वाईट वाटलं नसेल असं मला बिलकूल वाटत नाही, आणि 'सहभाग महत्त्वाचा' हे वाक्य दोन कुस्त्या हरून आलेल्या पैलवानाला ऐकवायची माझी तरी हिंमत नाही. पदकं हवीत, सुवर्ण हवं, सरकारनं पैसा ओतायला हवा, सगळं मान्य. मला फक्त एवढंच म्हणायचंय की निकालपत्रक वाचताना शून्य कुठे आहे आणि नल कुठे आहे ते नीट बघावं. जो गेलाच नाही त्याच्यापुढे डीएनएफ लागत नाही.

दादाचं राहिलं. गेल्या तीन वर्षांपासून तो दुकान बंद केल्यावर संध्याकाळी गावातल्या शाळेच्या हॉलमध्ये पोरांना कुस्ती शिकवतो. कुठल्याशा तालुक्याच्या क्रीडा संकुलातून मोडीत निघालेलं जुनं मॅट त्यानं टेम्पोत घालून आणलं, फाटलेल्या ठिकाणी रेक्झिनची ठिगळं लावली. चौदा पोरं आहेत, त्यात चार मुली. पोरांना तो आधी मातीत खेळवतो आणि मग मॅटवर आणतो, आणि पहिला महिनाभर फक्त पाय कुठे ठेवायचा तेवढंच शिकवतो. हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. राज्य स्पर्धेत चौथा आला तेव्हा त्याला ते कळलं होतं.

मामा हल्ली त्या हॉलच्या पायरीवर येऊन बसतो. "मातीत घातली" हे वाक्य गेल्या वर्षभरात मी त्याच्या तोंडून ऐकलेलं नाही. एक दिवस एका पोरानं दुसऱ्याला चीत केलं तर मामाच उठून शिट्टी मारायला लागला, असं मामी सांगत होती.

असो. फार लांबलं. उद्या सोमवार, सकाळी नऊला क्लायंट कॉल आहे. स्प्रेडशीट मात्र मी ठेवून दिलंय. त्यात फक्त एक बदल केला, शिंद्यांच्या नावामागचा तो 'एस' काढून टाकला.